थायरॉईडची गोळी आणि रक्ताची तपासणी

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कोहिनूर येथे भरलेल्या आरोग्यविषयक सभेत दिलेले व्याख्यान)



रौप्यमहोत्सवाच्या या कार्यक्रमात आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांनी मला आज्ञा केली. मी डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान शिकविणारी एक शिक्षिका आहे. तेव्हा कोणी किती गोळी घ्यावी हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु डॉक्टरांनी दिलेली गोळी पोटात जाऊन काय करते, आणि तपासणीच्या कागदावरील आकडे काय बोलतात, हे उलगडून सांगणे मात्र शिक्षकाच्या कामात मोडते. म्हणून ज्या दुखण्याचे नाव आज घरोघरी ऐकू येते, परंतु ज्याचा अर्थ फार थोड्या घरांत नीट कळलेला असतो, तोच विषय मी निवडला आहे.

आपल्या गळ्यात, कंठमण्याच्या खाली, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. बोलण्यात आपण थायरॉईड म्हणतो. ही ग्रंथी एक रस तयार करून रक्तात सोडते. दिव्याची वात वर-खाली करणारी जशी चावी असते, तद्वत हा रस साऱ्या शरीराच्या कामाचा वेग ठरवितो. हृदयाने किती ठोके द्यावेत, अंगात ऊब किती राहावी, आतड्यांनी किती हालचाल करावी, मेंदूने किती तरतरीत असावे, हे सर्व त्याच्या हाती असते.

हा रस कमी पडला की वात खाली जाते. माणूस थकतो, त्याला थंडी सोसत नाही, अंग कोरडे पडते, केस गळतात, शौचास साफ होत नाही, वजन वाढते, स्त्रियांना मासिक पाळीत फार रक्त जाते. दुखणे विकोपाला गेले म्हणजे चेहरा व पापण्या सुजतात, आवाज घोगरा होतो, जीभ जड होते, नाडी मंद चालते, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यासही वेळ लागतो. दुखणे इतके हळू येते की घरच्यांना ते दुखणे वाटतच नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांना ते पुष्कळ अधिक होते, आणि मग काय म्हणतात? “सूनबाई आळशी झाली,” “अम्मीला आता काम नको झाले.” आळस आणि आजार यांतला फरक रक्ताच्या एका तपासणीने कळतो, हे मी प्रारंभीच सांगून ठेवते.

हे दुखणे दुर्मिळ नाही. मुंबई, गोवा, हैदराबाद, बंगळूर अशा आठ शहरांतील पाच हजारांहून अधिक प्रौढांची जी पाहणी 2013 साली प्रसिद्ध झाली, तीत शंभरांतील जवळजवळ अकरा जणांत या ग्रंथीचे काम कमी असल्याचे आढळले. त्यांपैकी पुष्कळांचा दोष सौम्य असतो. मी आज मुख्यत्वे बोलणार आहे ते तीव्र दोषाबद्दल, ज्यात ग्रंथी जवळजवळ बंद पडलेली असते. बहुतेकांच्या बाबतीत याचे कारण असे की शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथीवर उलटते आणि ती हळूहळू निकामी करते. काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेने ग्रंथी काढलेली असते.

आता औषधाकडे वळू. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचे निष्णात शल्यवैद्य होते. गलगंडाच्या रोग्यांची संपूर्ण ग्रंथी ते कापून काढीत. परंतु असे रोगी पुढे मंद व सुजलेले होतात, हे त्यांच्या ध्यानात आले व 1883 साली त्यांनी ते जाहीर केले. या ग्रंथीवरील कार्याबद्दल त्यांना 1909 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथी गेली की हे दुखणे येते, हे त्यावरून सिद्ध झाले. मग जे शरीरात नाही ते बाहेरून दिले तर? इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी 1891 साली मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून, 46 वर्षांच्या एका अत्यवस्थ बाईस तो टोचून दिला. बाई सुधारली. पुढे तो अर्क पोटातून देता येतो हे कळले. ती बाई हे औषध घेत 28 वर्षे जगली आणि 1919 साली वारली. तिच्या औषधासाठी आठशेंहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या!

यातून दोन गोष्टी घ्यावयाच्या. पहिली ही की, हे औषध म्हणजे तापाच्या गोळीप्रमाणे रोगाला मारून निघून जाणारे औषध नव्हे. शरीरात जो रस तयार होत नाही, तोच आपण बाहेरून पुरवितो. दुसरी ही की, तो रोज पुरविला तर माणूस आपले आयुष्य नीट जगतो.

काही जण विचारतात, “ही गोळी आजही जनावरापासूनच करतात काय?” आमच्या मुसलमान घरांत हा प्रश्न एका कारणाने येतो, शाकाहारी घरांत दुसऱ्या कारणाने येतो. परदेशांत काही ठिकाणी डुकराच्या ग्रंथीची वाळविलेली भुकटी औषध म्हणून अजून मिळते, हे खरे. परंतु आपल्याकडे डॉक्टर सर्रास देतात ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी; एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म वगैरे नावांनी ती मिळते. ग्रंथीतील मूळ द्रव्य एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेत 1914 साली वेगळे केले आणि हॅरिंग्टन व बार्जर यांनी 1927 साली ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनविले. आजच्या गोळीतील औषध असेच रसायनापासून बनते.

तिचे माप मायक्रोग्रॅममध्ये असते. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. रोज शंभर मायक्रोग्रॅमची गोळी घेणाऱ्या माणसाचे वर्षभराचे मूळ औषध एकत्र केले, तर ते ज्वारीच्या एका टपोऱ्या दाण्याच्या वजनाइतके भरेल. एवढ्याशा दाण्यावर एका माणसाचे वर्ष चालते. म्हणूनच पंचवीसच्या जागी पन्नास, किंवा शंभरच्या जागी पंच्याहत्तर, असा बदल आपल्या मनाने करणे म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

आता तपासणी. आपल्या भागात मराठी, कानडी, उर्दू कोणत्याही भाषेत बोला, एक वाक्य ठरलेले असते: “माझा थायरॉईड वाढला.” कागदावर टी.एस.एच. नावाचा आकडा वाढलेला असतो, त्यावरून हे वाक्य निघते. वस्तुस्थिती बरोबर उलट असते. टी.एस.एच. हा थायरॉईडचा रस नव्हे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी दुसरी एक ग्रंथी आहे. तिला पोषग्रंथी म्हणतात. थायरॉईडने काम करावे म्हणून ती जो हुकूम सोडते, तो म्हणजे टी.एस.एच.

याला माझ्या वर्गाचा दाखला देते. मुले नीट ऐकत असली की बाईंचा आवाज साधा असतो. मुले ऐकेनाशी झाली की बाईंचा आवाज चढतो. कोणी वर्गाबाहेरून जाता जाता चढलेला आवाज ऐकला, तर वर्गात काम जोरात चालले आहे असे म्हणेल काय? आवाज चढला याचा अर्थ वर्ग ऐकत नाही. तसेच टी.एस.एच. चढले याचा अर्थ थायरॉईड काम करीत नाही. प्रौढांत हा आकडा साधारणतः 0.4 ते 4 च्या आसपास असतो. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा तिच्या कागदावर छापलेली असते. तीव्र दोषात तो पन्नास, शंभर किंवा त्याहूनही वर जातो. थायरॉईडचा स्वतःचा रस पाहावयाचा तर “फ्री टी-फोर” ही तपासणी असते. टी.एस.एच. खूप वर आणि टी-फोर खाली, असे दोन्ही मिळून आले की दोष पक्का व तीव्र. क्वचित एखाद्याची पोषग्रंथीच आजारी असते. तेथे हुकूम देणाराच मुका झाल्यामुळे टी.एस.एच.वर विसंबता येत नाही, टी-फोरच पाहावे लागते.

रक्तातील इतके सूक्ष्म द्रव्य मोजण्याची युक्ती न्यूयॉर्क येथे सॉलोमन बर्सन व रोझलिन यॅलो यांनी शोधून काढली. यॅलोबाईंना त्याबद्दल 1977 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईत परळ येथे अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 साली सुरू झाले आणि थायरॉईडच्या रोग्यांचे निदान व उपचार हे त्याचे एक मोठे काम ठरले. पूर्वी ज्या तपासणीसाठी मोठे शहर गाठावे लागे, तिच्यासाठी आज तालुक्याच्या गावी रक्त देता येते.

आता मुख्य मुद्दा. गोळी सुरू केल्यावर लोक आठ दिवसांनी म्हणतात, “गुण नाही.” याचे कारण समजून घ्या. परसातील एखादा रांजण खालून पाझरतो आहे, आणि त्यातले अर्धे पाणी आठवड्याला निघून जाते, अशी कल्पना करा. त्यात रोज एक तांब्या पाणी ओतले, तर पाण्याची पातळी एका दिवसात येत नाही. ती वाढत वाढत पाच-सहा आठवड्यांनी एका जागी स्थिर होते. या औषधाचेही असेच आहे. शरीरातील त्याचा अर्धा साठा संपावयास सुमारे सात दिवस लागतात. शिवाय बाईंचा चढलेला आवाज वर्ग शांत झाल्यावरही लगेच उतरत नाही. म्हणून डॉक्टर गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. दर आठवड्याला तपासणी करून पैसे घालविण्यात अर्थ नसतो. मात्रा एकदा जमली की पुढे सहा महिन्यांनी वा वर्षाने तपासणी पुरते.

याच रांजणाची दुसरी बाजू धोक्याची आहे. ओतणे थांबविले तरी रांजण त्याच दिवशी रिकामा होत नाही. दोन-तीन आठवडे माणसाला काहीच जाणवत नाही आणि “गोळी नसली तरी चालते” असा भ्रम होतो.

आपल्याच भागातील एका घरची ही हकीगत आहे. नाव सांगणार नाही. ती बाई या सभेत बसलेलीही असेल. चाळिशीच्या त्या बाईचे टी.एस.एच. शंभराच्या वर गेले होते. गोळी सुरू झाली. चार-पाच महिन्यांत चेहऱ्यावरची सूज उतरली, आवाज सुधारला, ती शेतावर जाऊ लागली. पुन्हा तपासणी झाली आणि सारे आकडे मर्यादेत आले. घरात आनंद झाला. कोणी पेढे वाटले. मग सर्वांनी मिळून ठरविले की आता रिपोर्ट नॉर्मल आहे, तेव्हा गोळी कशाला? गोळी बंद झाली. हिवाळा आला. थंडी आणि खोकल्याचे निमित्त झाले आणि ती दिवसचे दिवस झोपून राहू लागली. अंग गार, हाक मारली तर ओ देईना. मोठ्या दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हा ती वाचली. औषध मिळत नव्हते म्हणून हे घडले नाही. पैसे नव्हते म्हणूनही घडले नाही. एका चांगल्या बातमीचा अर्थ उलटा लावला गेला, म्हणून घडले.

बंधुभगिनींनो, माझ्या व्याख्यानातील बाकी सर्व विसरलात तरी एवढे एक वाक्य घरी घेऊन जा: रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ गोळीची गरज संपली असा नसून, गोळी आपले काम करीत आहे असा होतो. काही जणींचा दोष, उदाहरणार्थ बाळंतपणानंतरचा, तात्पुरता असू शकतो. परंतु तो तात्पुरता आहे की कायमचा, याचा निर्णय डॉक्टरांनी करावयाचा. घरच्या पंचायतीचे ते काम नव्हे.

गोळी घेण्याचे नियम थोडे आहेत, पण ते पाळल्याशिवाय मात्रा जमत नाही. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध, न्याहारी काही घेऊ नये. लोहाची व कॅल्शियमची गोळी आणि आम्लपित्ताची काही औषधे हिला अडवितात; त्यांच्यात व हिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. आपल्या बिदर जिल्ह्यात सोयाबीन पुष्कळ पिकते. ते खाण्यास हरकत नाही, परंतु सोयाबीनचे पीठ वा दूधही गोळीचे शोषण कमी करते, म्हणून तेही गोळीच्या वेळेपासून दूर असावे. एखादे दिवशी गोळी राहून गेली तर घाबरू नये, रांजण एका दिवसात आटत नाही. आठवण होताच ती घ्यावी. चुलीच्या वरची फळी किंवा उन्हाची खिडकी ही गोळ्या ठेवण्याची जागा नव्हे. उष्णतेने व ओलाव्याने त्यांची शक्ती जाते. एका कंपनीची गोळी लागू पडली असल्यास दुकानदाराने दिलेली दुसरी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

रमजानमध्ये काय करावे, असे भगिनी मला नेहमी विचारतात. ही गोळी दिवसातून एकदाच घ्यावयाची असल्यामुळे ती रात्रीच्या वेळात बसते. सहरीच्या आधी अर्धा-पाऊण तास उठून घ्यावी, किंवा इफ्तार व जेवण झाल्यावर तीनएक तासांनी निजताना घ्यावी. यांपैकी कोणती वेळ ते डॉक्टरांना आधी विचारून ठरवावे आणि महिनाभर तीच पाळावी. मात्र रोजे आहेत म्हणून महिनाभर गोळी बंद, असे करू नये. एकादशी किंवा श्रावणातील उपवासालाही हेच लागू आहे.

तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यावे आणि मग गोळी घ्यावी, म्हणजे टी-फोरचा आकडा खरा येतो. केस व नखे यांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर तसे आधी सांगावे, कारण तिने आकडे फसवे येतात. प्रत्येक कागद जपून ठेवावा.

“थोडे औषध जास्त घेतले तर वजन लवकर उतरेल,” असे काही तरुण मुलींना वाटते. तसे कदापि करू नये. औषध जास्त झाले की छातीत धडधड होते, हात कापतात, झोप उडते, आणि दीर्घकाळ तसेच चालले तर हाडे ठिसूळ होतात व हृदयाची लय बिघडते. वृद्धांना व हृदयविकाराच्या रोग्यांना डॉक्टर मुद्दाम बारा किंवा पंचवीस मायक्रोग्रॅमपासून हळूहळू चढवितात. शेजारणीची गोळी आपल्या वडिलांना देणे यासाठीच धोक्याचे आहे.

आता मातांसाठी. गर्भातील बाळाची स्वतःची ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांत काम करीत नाही. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या रसावर अवलंबून असते. म्हणून गोळी घेणाऱ्या बाईने दिवस राहिल्याचे कळताच, पुढच्या महिन्याची वाट न पाहता, डॉक्टरांकडे जावे. बहुधा मात्रा चतुर्थांशाने वा थोडी अधिक वाढवावी लागते आणि पहिले काही महिने दर चार आठवड्यांनी रक्त तपासावे लागते. “पोटात मूल आहे, औषधे बंद करा,” हा सल्ला येथे घातक ठरतो.

काही बालके जन्मतःच ही ग्रंथी नसलेली किंवा दुबळी घेऊन येतात. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. मीना देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात नवजात बालकांची तपासणी केली, तेव्हा सुमारे अडीच हजारांमागे एक असे बालक आढळले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, देशातील पाच केंद्रांवर झालेल्या व 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत हे प्रमाण अकराशे-बाराशेंमागे एक असे निघाले. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन हे कळते, आणि पहिल्या दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झाले तर ते मूल इतर मुलांसारखेच वाढते व शिकते. उशीर झाला तर बुद्धीची झालेली हानी पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी भरून येत नाही. बाळंतपण कोठेही होवो, “बाळाची थायरॉईड तपासणी झाली काय?” एवढे विचारण्यास विसरू नये. आणि शाळेत जाणाऱ्या मुलाची उंची थांबली, ते सुस्त झाले, अभ्यासात मागे पडले, तर त्याला मठ्ठ म्हणण्यापूर्वी एकदा रक्त तपासून पाहावे. ही विनंती पालकांना आहे, तशीच आम्हा शिक्षकांनाही आहे.

आयोडीनयुक्त मीठ सर्वांनी खावेच. आयोडीनच्या अभावाने होणारा गलगंड त्याने टळतो. परंतु निकामी झालेली ग्रंथी मीठाने पुन्हा चालू होत नाही. मीठ हे ग्रंथीला लागणारा कच्चा माल देते, गोळी तयार माल देते. माग मोडला असेल तर सूत आणून काय उपयोग?

शेवटी ट्रस्टला एक विनंती. ही गोळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ती महागही नाही. महाग पडतो तो खंड. म्हणून ट्रस्टने अशा रोग्यांची एक वही ठेवावी. तीत रोग्याची मात्रा, मागील तपासणीची तारीख व आकडा, आणि पुढील तपासणीची तारीख लिहावी. तारीख आली की कोणीतरी घरी जाऊन आठवण द्यावी, आणि ज्यांना तपासणीचा खर्च झेपत नाही त्यांचा भार ट्रस्टने उचलावा. वहीची पाने भरण्यास आमच्या शाळेतील मुली आनंदाने येतील, हा शब्द मी देते. रौप्यमहोत्सवाची कमान चार दिवसांनी उतरेल. ही वही मात्र पुढील पंचवीस वर्षे चालू शकेल.